तऱ्हाळा नाणेनिधी

वऱ्हाडात, तत्कालीन अकोला जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा गावी १९३९ साली सापडलेला, सुमारे १,६०० सातवाहन नाण्यांचा भूमिगत संचय. पोटीन या मिश्रधातूच्या या नाण्यांवर एका अंगास सोंड उंचावलेला हत्ती व राजनाम, तर दुसऱ्या अंगास उज्जयिनी चिन्ह असून, वा. वि. मिराशी यांनी केलेल्या वाचनामुळे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी इत्यादी, पुराणांतील वंशावळींस अज्ञात असलेले राजे प्रकाशात आले, हे या निधीचे थोर ऋण होय. अशा नाण्याची प्रत ठरविताना झीज, ठसा व अक्षरांची सुवाच्यता पाहतात. म्हणून चिंचेने घासून लखलखीत केलेले नाणे अभ्यासकाच्या लेखी निकृष्टच ठरते. असा दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत निधी, मग तो नांगराने निघो वा धातुशोधक यंत्राने, सापडताच जिल्हाधिकाऱ्यांस लेखी वर्दी देणे १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे.