दहा पेढ्यांच्या हमालाचा मालक कोण?

कामगार चळवळीचा इतिहास सांगताना आपण बहुधा गिरणीपासून सुरुवात करतो. गिरणीला फाटक होते, भोंगा होता, हजेरीपुस्तक होते. मागणी कोणाकडे न्यायची, हे ठाऊक होते. मी आज बोलणार आहे ते ज्यांना यातले काहीच नव्हते, त्या कामगारांविषयी.

मुंबईच्या मशीद बंदर भागातल्या घाऊक बाजारात साताऱ्या-सांगलीकडची माणसे गोणी वाहत. माथ्यावर ओझे घेतो तो माथाडी. सकाळी एका पेढीची साखर उतरवायची, दुपारी दुसरीचा तांदूळ चढवायचा. मजुरी नगावर, तीही अनेकदा मुकादमाच्या हातून. कंबर धरली, की कमाई बंद. रजा, भविष्यनिर्वाह निधी यांचे नाव काढले, की व्यापारी म्हणे, ‘हा काही माझा नोकर नाही.’ त्या वेळच्या कायद्यांत त्याला धरणे अवघडच होते. दहा जणांचा माल वाहणाऱ्याचा मालक कोणाला म्हणायचे?

या विखुरलेल्या टोळ्यांना अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत एका संघटनेत आणले. पुण्यात बाबा आढाव यांची हमाल पंचायत उभी राहिली. या चळवळीच्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

या कायद्यातली युक्ती मला फार मोलाची वाटते. त्याने एकच मालक शोधण्याचा नाद सोडला. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची आणि हमालानेही. मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मंडळ हमालाला पगार देणार. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधपाणी. मंडळावर सरकारबरोबर व्यापाऱ्यांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी. काम दहा ठिकाणी, पण हक्काचा हिशेब एका जागी!

सगळे आलबेल झाले, असे मी म्हणणार नाही. नोंदणीबाहेर राहिलेले हमाल आहेत. माथाडींच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या बनावट संघटनांच्या तक्रारीही आहेत. त्यांचा त्रास व्यापाऱ्याला होतो आणि बदनामी घाम गाळणाऱ्याची.

तरीही हा प्रश्न जुना झालेला नाही. आपल्या दारी जेवणाचा डबा आणून देणाऱ्या तरुणाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते, नोकर नव्हे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी कायदे केले. त्यांतही कल्याण मंडळ आहे आणि व्यवहारामागे शुल्क आहे. माथाडी कायद्याशी त्यांचे नाते उघड दिसते.

फरक एवढाच, की माथाड्यांच्या टोळ्या एकाच बाजारात बसत-उठत. एकाला दुसऱ्याची मजुरी कळे. हातातल्या फोनवर एकेकट्याने काम घेणाऱ्यांना आधी एकमेकांना गाठावे लागणार आहे. कायद्याचा मसुदा त्यानंतर येतो. १९६९ चा कायदाही संघटनेच्या मागूनच आला होता.