उडालेला टवका : स्पोर्ट्स कारच्या रंगाचा थोडा इतिहास

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काही जण गालातल्या गालात हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाने मोटारीच्या रंगावर बोलावं हे जरा विचित्रच. आम्हाला गाडी चालवता येते, पण चांगली चालवता येत नाही, हेही आधीच कबूल करून टाकतो.

तर झालं असं. आमचे धाकटे बंधू मिशिगनमध्ये इंजिनिअर होते. त्यांनी १९९० साली एक लाल माझदा एमएक्स-५ घेतली. लोक तिला मियाटा म्हणतात. दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला टेकलेली गाडी. बंधू गेले आणि गाडी पुतण्याकडे आली. मागच्या वर्षी त्याचा फोन आला, "काका, बॉनेटवर आणि पुढच्या तोंडावर पन्नाससाठ टवके उडालेत. काही बाबांच्या वेळचे, काही माझ्या. एक जण म्हणतो सगळी गाडी नव्याने रंगवून घे, दुसरा म्हणतो एक टिपकासुद्धा लावू नकोस. तुम्ही फिलॉसॉफीवाले, तुम्ही सांगा." आम्ही वेळ मागून घेतला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मागून घेतलेल्या वेळात केलेलं वाचन.

मिलिंदपञ्होतला रथ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. औरंगाबादला बाबासाहेबांनी कॉलेजला मिलिंदाचं आणि परिसराला नागसेनाचं नाव दिलं, त्यामुळे मराठी माणसाला तरी ही दोन नावं नवी नाहीत. राजा मिलिंद सांगतो, मी रथातून आलो. भन्ते नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? दांडी? आस? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. ती यादी आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवली, पण एक गोष्ट या फोननंतरच लक्षात आली : त्या यादीत रंग नाही. 'रथ म्हणजे त्याचा रंग का?' असं नागसेन विचारत नाहीत. रंग हा रथाचा भाग आहे की रथावरचं पांघरूण? पुतण्याचा प्रश्न इथेच अडकला होता.

आता थोडा इतिहास. सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवत. तेलाचा रंग, वर व्हार्निश, प्रत्येक थर हाताने, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं, मग घासायचं. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली, तेव्हा ती इतर रंगांत मिळत होती. फक्त काळी, हे १९१४ ते १९२५ एवढ्याच काळापुरतं खरं आहे. डांबरी जातीचा काळा रंग भट्टीत भाजून लवकर वाळवता येई. काळ्याबद्दल फोर्डला विशेष प्रेम होतं असं समजायचं कारण नाही. कारखान्यात गाड्या पटापट तयार होत होत्या आणि रंग वाळेपर्यंत ठेवायच्या कुठे, हा प्रश्न होता.

तो प्रश्न सुटला १९२३ साली. ड्यूपाँ ही मुळात बंदुकीच्या दारूची कंपनी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून जे नायट्रोसेल्युलोज होतं, त्याचीच बिनधुराची दारू होते, त्याचीच सिनेमाची जुनी फिल्म होत असे, आणि त्याचाच 'ड्यूको' नावाचा लॅकर झाला. जनरल मोटर्सने तो ओकलंड गाडीवर निळ्या रंगात वापरला. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

इथे 'लॅकर' या शब्दाशी जरा थांबू या. हा आपला शब्द आहे. संस्कृत लाक्षा, आपली लाख, ती फारसी-अरबीतून पोर्तुगीजांच्या तोंडी गेली आणि युरोपभर फिरून लॅकर होऊन परत आली. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी आणि गंजिफा आपण पाहिल्या असतील. ड्यूकोमध्ये मात्र लाखेचा कणही नव्हता, नाव तेवढं उरलं. पण एक गुण जुळतो बरं का. लाक्षागृह का जळालं हे आपल्याला माहीत आहे, आणि नायट्रोसेल्युलोजही तसंच भडकतं.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. नायट्रोसेल्युलोजनंतर ॲक्रिलिक लॅकर आणि एनॅमल आले. मग रंगाचा थर वेगळा आणि वर पारदर्शक थर वेगळा, ही पद्धत ऐंशीच्या दशकात सर्वत्र रुळली. आज गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि पारदर्शक थर असे चार थर असतात, आणि चौघांची मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. माणसाचा एक-दोन केस. सगळी चकाकी, सगळा दिमाख एवढ्याशा जाडीत! समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला हरभऱ्याएवढा खडा ताशी शंभरच्या वेगाने आला, की त्या केसाचं काय होणार? स्पोर्ट्स कारचं तोंड बसकं, त्यामुळे खड्यांचा मारा जास्त तिथेच.

शर्यतींच्या जगात रंगाला आणखी एक अर्थ होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून देशांना रंग वाटून दिले गेले : फ्रान्स निळा, बेल्जियम पिवळा, जर्मनी पांढरा, इंग्लंड हिरवा, इटली लाल. १९३४ साली नियम आला की गाडीचं वजन ७५० किलोच्या आत हवं. मर्सिडीजची गाडी एका किलोने जास्त भरली, म्हणून रातोरात पांढरा रंग खरवडला आणि खालचा ॲल्युमिनियमचा रुपेरी पत्रा उघडा पडला, अशी गोष्ट त्यांचे व्यवस्थापक नॉयबाउअर पुढे सांगत. इतिहासकारांना ती आता पटत नाही. आम्हालाही पटत नाही. पण रंगालाही वजन असतं, एवढं त्या गोष्टीतून घ्यायला हरकत नाही.

त्याच वर्षीची, त्याच नियमाखाली धावलेली दुसरी एक गाडी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. बुगाटी टाइप ५९. रने द्रेफ्यूस याने १९३४ची बेल्जियन ग्रां प्री या गाडीवर जिंकली. नंतर ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली, आणि निळी गाडी काळी झाली, वर पिवळा पट्टा. त्यानंतर ती कोणी नव्याने रंगवली नाही. रंग झिजला, टवके उडाले, कडांना धातू दिसू लागला. २०२० साली लंडनमध्ये ती ९५ लाख पौंडांच्या वर विकली गेली. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात तिला सर्वोच्च मान मिळाला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या आरशासारख्या लखलखीत, नव्याहून नव्या केलेल्या गाड्याच जिंकत. न दुरुस्त केलेल्या, जशा आहेत तशा जपलेल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

जुन्याचा हा मान पाहून आमचा सनातनी आत्मा सुखावला, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना लक्षात आलं की ज्याला आपण 'मूळ रंग' म्हणून नमस्कार करतो आहोत, तो मूळ नाहीच! मूळ निळा. काळा हा राजाने दिलेला. म्हणजे कोणीतरी एकदा ती गाडी नव्याने रंगवली होती, आणि त्या दिवशी शर्यतीचे सगळे टवके, द्रेफ्यूसच्या विजयाच्या सगळ्या खुणा त्या काळ्याखाली गेल्या. आज आपण त्या रंगवण्याला इतिहास म्हणतो. उद्या कोणी रंगवली तर त्याला नासधूस म्हणू. फरक कशात आहे?

एकोणिसाव्या शतकात इमारतींवरून हाच वाद झाला. फ्रान्सचे व्हियोले-ल-द्यूक म्हणत, जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला पूर्ण रूप देणं, मग ते रूप पूर्वी कधी नसलं तरी चालेल. इंग्लंडचे रस्किन म्हणत, तो जीर्णोद्धार नव्हे, तो नाशच. वेळच्या वेळी काळजी घ्या, म्हणजे त्याची गरज पडणार नाही. तरुणपणी आम्ही रस्किनच्या बाजूने हिरिरीने भांडत असू. आता तेवढी खात्री वाटत नाही, कारण काळजी घेणं ही गोष्टसुद्धा साधी नाही.

अजिंठ्याचं उदाहरण घ्या. निजाम सरकारने १९२० नंतर दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. चित्रांचे पोपडे सुटत होते. त्यांनी ते बसवले, कडा बांधल्या, ते काम चांगलं झालं. पण संरक्षण म्हणून चित्रांवर व्हार्निशही दिलं. कशाचं? चपड्याचं, म्हणजे पुन्हा आपली लाखच! काही वर्षांत ते पिवळं पडलं, काळवंडलं, वर धूळ धरली, आणि पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ ते काढायचं काम पुढे कित्येक दशकं करत राहिले. हेतूत खोट नव्हती. संरक्षणाचा थरच रोग झाला.

आज स्पोर्ट्स कारवर पारदर्शक फिल्म चढवतात. पॉलियुरेथेनची ही पट्टी व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवण्यासाठी वापरली गेली. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग श्रीमंतांच्या गाड्यांवर आली. खडा झेलण्याचं काम ती खरोखर करते. मेण किंवा सिरॅमिक कोटिंग मात्र खडा अडवत नाही, जाहिरात काहीही म्हणो. ते पाणी, धूळ, पक्ष्यांची घाण यांपासून वाचवतं. पण जुन्या फिल्मही पिवळ्या पडत, आणि काढताना सैल झालेला रंग सोबत घेऊन येत. अजिंठा आठवा.

आता पुतण्याची गाडी. त्याला आम्ही आधी एकच काम सांगितलं : लोहचुंबक घे, पातळ फडक्यात गुंडाळ, आणि टवके कुठे आहेत, कशावर आहेत ते बघ. तो हसला. पण यादी पाठवली. त्या मियाटाचं तोंड, म्हणजे बंपर, प्लॅस्टिकचं आहे. बॉनेट ॲल्युमिनियमचं. चुंबक चिकटला तो बाजूच्या पत्र्यांना, चाकांच्या मागे, दारांखालच्या पट्टीला. पन्नाससाठ टवक्यांपैकी पोलादावरचे निघाले अकरा.

आणि खरा धोका त्या अकरांतच होता. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मीठपाणी टवक्यातून पोलादापर्यंत पोचलं की गंज सुरू. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून तो भोवतालचा चांगला रंग आतून उचलतो. वर मोहरीएवढा टवका आणि खाली रुपयाएवढं भोक, असं होतं. प्लॅस्टिकला यातलं काही नाही. ॲल्युमिनियम तांबूस गंज धरत नाही. मीठ साचू दिलं तर पांढरी भुकटी धरतं, तेव्हा ते धुवून, मेण लावून ठेवायचं.

मग त्याने ते अकरा टवके दुरुस्त केले. पद्धत आपल्याकडचे डेंटिंग-पेंटिंगवाले जाणतात तीच. धुवायचं, अल्कोहोलने तेलकटपणा काढायचा, गंज टोकदार साधनाने खरवडून चकचकीत धातू दिसेपर्यंत जायचं, प्रायमरचा ठिपका, मग रंग. बाटलीच्या झाकणाला असतो तो ब्रश जाडा, त्याने ओघळ येतात. बारीक ब्रश किंवा दात कोरायची काडी बरी. एकाच वेळी भरून टाकायचं नाही. रंग वाळताना आकसतो, म्हणून पातळ थर, वाळू द्यायचा, पुन्हा थर, शेवटी पातळीपेक्षा किंचित वर. आठवडाभर थांबायचं. मग दोन हजार नंबरचा वॉटर पेपर ओला करून फक्त त्या ठिपक्यावर, आणि हलकं पॉलिश. हलकं, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये त्या केसाएवढ्या जाडीतला थोडा भाग कायमचा जातो.

त्या वर्षीच्या लाल रंगावर पारदर्शक थर नाही, नुसता रंगच. त्यामुळे पॉलिश करताना फडकं लाल होतं. पुतण्या म्हणाला, "काका, लहानपणी रविवारी बाबांची बोटं लाल असायची, ती का ते आता कळलं." आम्ही फोनवर काही बोललो नाही. आमच्या सौ.नी फोन घेतला आणि हवापाण्याच्या गोष्टी काढल्या.

रंग मात्र जुळला नाही. प्लेटवरच्या क्रमांकाप्रमाणे आणलेला लाल हा १९९०चा लाल, आणि गाडी आता पस्तीस उन्हाळे पाहिलेली. अकरा ठिपके जरा गडद दिसतात. त्याला वाईट वाटलं. आम्ही म्हटलं, राहू दे. चित्रांची दुरुस्ती करणारे जाणते लोक भरलेला भाग जवळून वेगळा ओळखू येईल असा मुद्दाम ठेवतात. तुझ्याकडून ते आपोआप झालं.

बॉनेटवरच्या आणि तोंडावरच्या टवक्यांना त्याने हात लावला नाही. उजव्या दिव्याजवळ एक मोठा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. बंधू आणि आम्ही शिकागोहून परत येत होतो, आणि पुढे वाळूचा ट्रक होता. गाडी आम्ही चालवत होतो, आणि ट्रकच्या फार जवळ गेलो होतो. बंधूंनी तेव्हा काही म्हटलं नाही. पुतण्याला हे ठाऊक नव्हतं, परवाच सांगितलं.