माहेर, सासर आणि न्यायालयाची हद्द

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील कितीतरी कुटुंबांची एक चूल गावी, तर दुसरी मुंबईत पेटत आली आहे. मुंबईच्या अनेक डबेवाल्यांची मूळ गावे याच टापूतली. साहजिकच इथल्या लेकी मुंबईत नांदायला जातात आणि छळ असह्य झाला की घाट चढून माहेरी परततात. जात्यावरच्या ओवीने त्यांचे दुःख 'सासुरवास' या शब्दात केव्हाच सामावून घेतले होते. मात्र माहेरी आलेल्या लेकीचे गाऱ्हाणे कोणत्या न्यायालयाने ऐकावे, याचे उत्तर कायद्याला फार उशिरा सापडले.

आरंभी तर कायदा तिला माघारी धाडणारा होता. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. परंतु १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी 'नांदायला जा, अन्यथा सहा महिने कैद' असा निकाल दिला. हा दाव्याचा प्रकार मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला. खुद्द इंग्लंडने त्यातील कैदेची शिक्षा १८८४ मध्येच रद्द केली होती! कायदा समुद्र ओलांडून आला, त्यातली सुधारणा मात्र पैलतीरीच राहिली.

१९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पत्नी राहते तेथे पोटगी मागण्याची मुभा दिली. १९८३ साली विवाहितेचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. पण गुन्हा घडला तिथेच खटला चालावा, या नियमामुळे उच्च न्यायालयांत मतभेद राहिले. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने पीडितेच्या तात्पुरत्या निवासाच्या ठिकाणीही अर्ज स्वीकारला आणि त्यावरील आदेश देशभर लागू केला. पुढे ९ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, छळाच्या मानसिक यातना माहेरीही संपत नाहीत. म्हणून आश्रयाच्या ठिकाणीही छळाचा खटला चालू शकतो. मुंबईतल्या छळाची दाद जुन्नर वा घोडेगावच्या न्यायालयात मागता येते, ती या वाटचालीमुळे.

आता लेकी परदेशीही नांदायला जातात. भारतात लागलेला अनिवासी भारतीयाचा विवाह परदेशी न्यायालयाने रद्द करू नये आणि इथल्या न्यायालयाचा हुकूम तिकडेही अमलात यावा, यासाठी कायदा करण्याची सूचना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच केली होती. तीस वर्षांनी, २०२४ साली, विधी आयोगाला आपल्या २८७व्या अहवालात अशा विवाहांसाठी सर्वंकष कायद्याची शिफारस पुन्हा करावी लागली.

'तात्पुरता निवास' हा शब्दप्रयोग आम्हांस म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्याच्या रूक्षपणाआड माहेर उभे आहे. देशातल्या हद्दी ओलांडण्याइतके बळ त्याला मिळाले. देशाची सीमा ओलांडण्याचे बळ अद्याप मिळायचे आहे.