वेप म्हणजे नुसती वाफ नव्हे : समजून घेऊ या, सुरक्षितपणे सोडू या

"ह्येच्यात तंबाखू खंय आसा? नुसती वाफ आसा," हे वाक्य मालवण किनाऱ्यावरच्या तरुणांशी बोलताना आम्हाला वारंवार ऐकू येते. मशेरी, गुटखा, बिडी यांचे दुष्परिणाम घराघरात ठाऊक आहेत, वेपचे नाहीत. विहारात विषय निघाला की थट्टा होते, नाहीतर 'शील मोडले' असा शिक्का बसतो. मग मुले गप्प होतात आणि लपून ओढत राहतात. म्हणून नेमकी माहिती येथे देत आहोत.

वेप म्हणजे काय?

पेन किंवा पेनड्राइव्हसारखे दिसणारे हे बॅटरीवर चालणारे उपकरण. आतील तार तापली की द्रवाचे सूक्ष्म थेंब होऊन फुप्फुसात जातात. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायने आणि बहुधा निकोटीन असते. तंबाखूचे व्यसन लावणारा घटक तो हाच. '५ टक्के' लिहिलेल्या द्रवाच्या १ मिलिलीटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटीन असते. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, त्यामुळे कमी वयात ही सवय लवकर जडते.

अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. अनेक रुग्णांनी ओढलेल्या गांजायुक्त द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेले होते. कुपीत काय आहे हे ओढणाऱ्याला कळत नाही, हा त्यातला धडा.

तारकर्ली-देवबागला स्कूबाचे काम करणाऱ्या मुलांनी अधिक जपावे. पाण्यातून वर येताना फुप्फुसातील हवा प्रसरण पावते. श्वासनलिका सुजलेल्या किंवा कफाने भरलेल्या असतील, तर ती बाहेर पडताना अडू शकते.

कायदा काय सांगतो?

२०१९ च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. निकोटीन नसलेले वेपही त्यात येते. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बाजारात मिळणारा माल चोरटा असतो आणि त्याची तपासणी झालेली नसते. 'मित्रांसाठी आणून देतो' म्हणणारा मुलगाही अडचणीत येऊ शकतो. मात्र ओढण्याबद्दल वेगळी शिक्षा या कायद्यात नाही, त्यामुळे डॉक्टरांना खरे सांगायला घाबरू नये.

सुरक्षितपणे कसे सोडावे?

१. तारीख ठरवा आणि घरातल्या किंवा विहारातल्या एका विश्वासू माणसाला सांगा.
२. कधी ओढावेसे वाटते ते आठवडाभर लिहा: जेवणानंतर, पर्यटकांच्या गर्दीत, एकटे असताना.
३. चिडचिड, झोप न लागणे, डोके दुखणे हा त्रास पहिले दोन-तीन दिवस जास्त असतो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.
४. तलफ काही मिनिटेच टिकते. पाणी प्या, चाला किंवा आनापानाप्रमाणे श्वासावर लक्ष ठेवा.
५. वेप सोडून गुटखा, मशेरी किंवा सिगारेट धरू नका.
६. निकोटीन गम डॉक्टरांना विचारून घ्या. वय १८ पेक्षा कमी असेल, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, तर स्वतःहून मुळीच नको.
७. उपकरण समुद्रात किंवा चुलीत टाकू नका. बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. द्रव लहान मुलांच्या पोटात गेला तर विषबाधा होते.

छातीत दुखले, धाप लागली तर थांबू नका. थेट रुग्णालय गाठा.

मदत कोठे?

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६ ही मोफत आहे. मन खचले असेल तर टेलि-मानस १४४१६ वर बोला. जवळचे ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय येथेही विचारा.

कार्यकर्त्यांसाठी

पाचवे शील मन जागे ठेवायला शिकवते. त्याचा उपयोग कोणाला लाजवण्यासाठी करू नये. सोडल्यावर कोणी पुन्हा ओढले, तर 'का ओढलेस?' ऐवजी 'तेव्हा काय झाले होते?' असे विचारू या आणि नवी तारीख ठरवू या. पौर्णिमेच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला दिली, तरी एखादा मुलगा बोलता होईल.