डीपवॉटर होरायझन: सुरक्षा आधी की रोजगार?

२० एप्रिल २०१० रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्याजवळ, मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेल उत्खनन रिगवर स्फोट झाला. ११ कामगारांचा मृत्यू झाला. विहीर बंद करणारी समुद्रतळावरील यंत्रणा निकामी ठरली आणि ८७ दिवस तेल वाहत राहिले.

बंदी का आली? अपघाताचे कारण कळेपर्यंत धोका नको, म्हणून ओबामा सरकारने मे महिन्यात खोल समुद्रातील खोदकाम सहा महिने थांबवले.

विरोध कशासाठी? गळतीमुळे लुइझियानातील मासेमारी ठप्प होती. बंदीने तेलक्षेत्रातील नोकऱ्याही धोक्यात आल्या. गव्हर्नर बॉबी जिंदाल यांनी बंदीला विरोध केला. जूनमध्ये न्यायालयाने ती रोखली, जुलैमध्ये सरकारने नवी आणली आणि ऑक्टोबरमध्ये मुदतीआधीच उठवली.

पुढे काय झाले? परवाने देणे, महसूल गोळा करणे आणि सुरक्षा तपासणे ही कामे एकाच संस्थेकडे होती. २०११ पर्यंत ती वेगळी केली गेली. विहीर सुरक्षेचे नियम २०१६ मध्ये कडक झाले, २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने शिथिल केले, २०२३ मध्ये बायडेन सरकारने काही पुन्हा कडक केले.

या वादात सुरक्षा आणि रोजगार समोरासमोर उभे केले जातात. पण स्फोटात गेलेले ११ जण रिगवर नोकरीच करत होते.