खुर्च्यांच्या कारखान्यातली गाणी

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पोर्ट वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथं खुर्च्यांचा एक कारखाना होता. मालक गोरे, गाव गोरं. खुर्च्या करता करता ते ग्रामोफोनची लाकडी कपाटं करायला लागले. कपाट खपायचं तर आत वाजवायला काहीतरी पाहिजे. म्हणून १९१७ पासून त्यांनी रेकॉर्डीही काढल्या. छाप पॅरामाउंट. (सिनेमावाली पॅरामाउंट ती निराळी.) या लाकूडवाल्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि काळ्या माणसांचं गाणं जो ब्लूज, त्यातलं सगळ्यात अस्सल म्हणून आज जग जे डोक्यावर घेतं, त्यातलं कितीतरी या खुर्चीवाल्यांच्याच तबकड्यांवर आहे.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. तिसऱ्या पाळीवरून आलो की कानात तासभर घरघर राहते. त्या घरघरीतच मी ही गाणी ऐकतो, मोबाईलवर. इंग्रजी मी डिक्शनरी उशाला घेऊन शिकलो, त्यामुळं निम्मे शब्द अजून हातातून निसटतात. पण पॅरामाउंटच्या रेकॉर्डी इतक्या खरखरतात की इंग्रजीवाल्यालाही पटकन कळायच्या नाहीत. तिथं आम्ही गिरणीवाले बरे. यंत्रांच्या आवाजातून समोरच्याचं बोलणं वेचून काढायची आमच्या कानाला सवयच असते.

परवा अभ्यासवर्गात एक साथी म्हणाला, "पँथर म्हणवतोस आणि हे रडगाणं ऐकतोस?" साथी माझ्यापेक्षा शिकलेला. १९७२ साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, हे मला पहिल्यांदा त्यानंच सांगितलं होतं. म्हणून तिथं उलट बोललो नाही. इथं बोलतो.

गोष्ट १९२० पासून सुरू होते. त्या सालच्या जानेवारीत इकडं बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. ऑगस्टात तिकडं न्यूयॉर्कात मॅमी स्मिथ या काळ्या बाईनं ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायलं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, माझ्या डोक्यात साल राहतं ते असं. तोवर रेकॉर्डवर ब्लूज म्हणून जे काय होतं ते गोरे गायचे. काळ्या बाईचा आवाज कोण विकत घेणार, हा कंपन्यांचा हिशेब. पेरी ब्रॅडफोर्ड नावाच्या काळ्या गीतकारानं कंपन्यांचे उंबरे झिजवले तेव्हा कुठं तिला माइकपुढं, म्हणजे त्या वेळच्या कर्ण्यापुढं, उभं केलं. रेकॉर्ड धडाधड खपली. मग सगळ्याच कंपन्यांना काळ्यांच्या खिशातली चिल्लर दिसायला लागली. त्यांनी काळ्यांसाठी वेगळी यादी काढली. तिला पुढं नाव पडलं 'रेस रेकॉर्ड्स'. वेगळा पाणवठा, वेगळी यादी. 'रेस' हा शब्द शिवी मात्र नव्हता. काळ्यांची वर्तमानपत्रं तो स्वतःसाठी अभिमानानं वापरायची.

आता साथीला जे सांगायचंय ते. १९२१ साली हॅरी पेस या काळ्या गृहस्थानं न्यूयॉर्कात काळ्यांच्या मालकीची कंपनी काढली, ब्लॅक स्वान. संचालकांत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. हे तेच डु बॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून, काळ्यांच्या वतीनं युनोकडं गेलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. म्हणजे माणसं आपली. स्वप्न मोठं. पण या मंडळींना आपल्या जातभाईंची वर मान काढायची होती ती ऑपेरा आणि सभ्य गाण्यानं. ब्लूजही त्यांनी काढला, कारण तो खपायचा, पण जरा धुतलेला, इस्त्री केलेला. बेसी स्मिथ आवाज द्यायला गेली तर तिला परत पाठवलं. फार रांगडी म्हणून, असं सांगतात. तिला १९२३ साली गोऱ्यांच्या कोलंबिया कंपनीनं उचललं आणि तिच्या रेकॉर्डी लाखांनी विकल्या. तिच्या हातात काय? नगावर पैसे. रॉयल्टी शून्य. ब्लॅक स्वान काही टिकली नाही, १९२४ मध्ये तिचा सगळा माल आपल्या खुर्चीवाल्यांकडं गेला.

म्हणून म्हणतो साथी, बेसीला फाटकातून परत पाठवणारे गोरे नव्हते.

बेसीचं बोलायलाच घेतलंय तर तिच्या मरणाचंही सांगतो, कारण ते आपल्यातही चुकीचं सांगितलं जातं. सप्टेंबर १९३७ मध्ये मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ रात्री तिच्या मोटारीला अपघात झाला. हात जवळजवळ तुटला. गोऱ्यांच्या दवाखान्यानं तिला दारातून हाकललं आणि ती रक्त जाऊन मेली, अशी गोष्ट वर्षानुवर्षं चालली. भाषणातही जाते. पण रस्त्यावर तिला तपासणाऱ्या डॉक्टरनं पुढं सांगितलं, तिला सरळ काळ्यांच्याच दवाखान्यात नेलं होतं. गोऱ्यांच्या दवाखान्यात न्यावं हे तिथल्या कुठल्या ड्रायव्हरच्या डोक्यातही आलं नसतं. मला विचाराल तर खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा जास्त जाळते. नाही म्हणायचीसुद्धा कुणाला गरज पडली नाही. तेहतीस वर्षं तिच्या कबरीवर दगड नव्हता. १९७० मध्ये गोरी गायिका जॅनिस जॉप्लिन आणि जुआनिता ग्रीन या दोघींनी पैसे घालून तो बसवला. जुआनिता ग्रीन काळी, लहानपणी बेसीच्या घरी काम केलेली.

खुर्चीवाल्यांकडं परत येऊ. काळ्यांची गाणी त्यांच्यासाठी हुडकायचा तो मेयो विल्यम्स. स्वतः काळा, ब्राउन युनिव्हर्सिटीत शिकलेला, फुटबॉल खेळलेला. कान असा की सोनं ओळखावं. पण गाण्यांच्या हक्कातला वाटाही त्याच्याकडं वळायचा. असली माणसं आपण प्रत्येक वस्तीत बघतो, त्यात नवल नाही. त्यानं आणलेल्यांत मा रेनी होती. तंबूच्या खेळातली बाई. सोन्याचे दात, गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ. स्टेजवर एक भलामोठा ग्रामोफोन ठेवायचे आणि त्याची दारं उघडून ही बाहेर यायची. लोक वेडे व्हायचे. १९२३ ते १९२८ या पाच वर्षांत तिनं पॅरामाउंटसाठी शंभराच्या आसपास गाणी गायली. १९३९ साली मेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर धंदा लिहिला: घरकाम.

तिच्या मागं पियानो वाजवायचा तो टॉमस डॉर्सी. बाळंतपणात बायको गेली, मूलही गेलं, तेव्हा १९३२ साली त्यानं 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' ही प्रार्थना रचली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगला गोळी लागली त्याच्या जरा आधी तो हेच गाणं वाजवायला सांगत होता. अंत्ययात्रेच्या दिवशी महालिया जॅक्सननं ते गायलं. मोर्च्यातली चाल कुठून येते बघा.

आणि ही तबकडी कशाची होती? लाखेची. ती लाख जायची जास्त करून आपल्याच देशातून. छोटा नागपूरच्या जंगलात आदिवासी बाया-माणसं पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवरून ती खरवडायची. मी हे वाचलं त्या दिवशी पाळीला जाताना रस्ताभर तेच डोक्यात. पॅरामाउंटवाले तर महाचिकट. लाख कमी, भर जास्त. म्हणून ती खरखर. रेकॉर्ड पंचाहत्तर सेंटला. जाहिरात शिकागोच्या 'डिफेंडर' या काळ्यांच्या पेपरात. रेल्वेच्या झोपायच्या डब्यात गोऱ्यांची अंथरुणं घालणारे काळे पोर्टर तो पेपर आणि त्याबरोबर रेकॉर्डीही दक्षिणेत पोचवायचे.

आता चार्ली पॅटन. माझा माणूस.

मिसिसिपीच्या डेल्ट्यात कापसाचे मळे. जमीन मालकाची, खेचर मालकाचं, बी मालकाचं. वर्षभर त्याच्याच दुकानातून पीठ-तेल उधार. सुगी झाली की हिशेब. वही मालकाची, पेन्सिल मालकाची, उत्तर ठरलेलं: बाकी अजून आहेच. सालगड्याच्या पोराला यातलं काही समजावून सांगायला नको. अशाच डॉकरी नावाच्या मळ्यावर पॅटन वाढला. अंगानं किरकोळ, आवाज रेड्याचा. गिटार डोक्यामागं धरायचा, ढांगेतून वाजवायचा, तिच्या पेटीवर ढोलकीसारखी थाप मारायचा. त्याच्याबरोबरच्या सन हाऊसला हे माकडचाळे वाटायचे. वाटोत. दिवसभर कापूस वेचलेल्या माणसाला रात्री नाचवायचं तर उभं राहून प्रवचन देऊन भागत नाही.

२१ एप्रिल १९२७ ला माउंड्स लँडिंगला मिसिसिपी नदीचा बांध फुटला. मैलोगणती पाणी. ग्रीनव्हिल गावाजवळ हजारो काळी माणसं बांधाच्या माथ्यावर चढून बसली. बोटी आल्या, पण मळेवाल्यांनी काळ्यांना चढू दिलं नाही. एकदा गेलेले मजूर परत येणार नाहीत, मग कापूस कोण वेचणार ही भीती. बांधावरच छावणी. गळ्यात बिल्ला. पासाशिवाय बाहेर जायचं नाही. बंदुका घेतलेले नॅशनल गार्ड. रेड क्रॉसचं धान्य आलं ते उतरवायचं कामही काळ्यांनी करायचं, आणि फुकट.

अडीच वर्षांनी, १९२९ च्या अखेरीस, पॅटन विस्कॉन्सिनला ग्राफ्टनमधल्या खुर्चीवाल्यांच्या स्टुडिओत बसला आणि तबकडीच्या दोन्ही बाजू भरून 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर' गायला. एका बाजूला तीन मिनिटं मावत. पहिल्या बाजूला तो गावांमागून गावं घेत पळतो. ग्रीनव्हिल, लेलँड, रोझडेल, विक्सबर्ग. पाणी त्याच्या मागं. उंचावरच्या मुलखात जाईन म्हणतो, पण तिथं आपल्याला बंदी आहे हेही जाता जाता सांगून टाकतो, जणू काही हवा कशी आहे ते सांगतोय. दुसऱ्या बाजूला नदीपलीकडचा आर्कान्सा, आणि माणसं, पोरं बुडतायत. गिटारीवर थापा अशा की दाराला कुणीतरी आतून धडका देतंय. सालं यात रडणं कुठंय? हा पंचनामा आहे. मामलेदारानं केला नाही, पेपरवाल्यानं काळ्यांच्या बाजूनं केला नाही, तो खुर्चीच्या कारखान्यात बसून मळ्यावरच्या एका गड्यानं केला.

त्याला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. कार्यकर्ता-बिर्यकर्ता तो नव्हता. दारू भरपूर, आणि बायकांशी वागणं वाईट होतं असं त्याला ओळखणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. २८ एप्रिल १९३४ ला मेला, चाळिशीच्या पुढं-मागं. कबरीवर दगड १९९१ मध्ये आला.

पैशाचं म्हणाल तर १९३० मध्ये सन हाऊस तिथं गाऊन आला, त्याला चाळीस डॉलर मिळाले. त्यानंच पुढं सांगितलं की कापूस वेचून तेवढे कमवायला वर्ष गेलं असतं. दोन्ही बाजूंनी लूट, पण मळ्याच्या मानानं ही लूट त्याला बक्षिसासारखी वाटली. फेब्रुवारी १९३१ मध्ये स्किप जेम्स आला. बायकी वाटावा असा उंच, थंडगार आवाज. मंदीचा काळ होता. त्याच्या एका गाण्याच्या नावातच 'किलिंग फ्लोर' आहे, कत्तलखान्याची फरशी. शिकागोला पळून गेलेल्या काळ्या माणसांना काम मिळायचं ते तिथंच, जनावरांच्या रक्तात. कुणाला कुठलं काम मिळतं हे आपल्याला नवीन नाही. जेम्सच्या रेकॉर्डी खपल्या नाहीत, त्यानं गाणंच सोडलं. १९६४ साली गोऱ्या पोरांनी त्याला एका दवाखान्यात शोधून काढला. १९६६ मध्ये क्रीम या इंग्लंडच्या बँडनं त्याचं एक गाणं म्हटलं, त्याचे जे पैसे आले त्यातून म्हाताऱ्याचा औषधपाण्याचा खर्च निघाला. १९६९ साली तो गेला.

या गोऱ्या पोरांचं काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दक्षिणेत दारोदार हिंडून त्यांनी जुन्या तबकड्या गोळा केल्या नसत्या तर पॅटन आज ऐकायला मिळाला नसता. आणि त्याच तबकड्या आता हजारो डॉलरना विकल्या जातात, त्यातला पै-पैसा त्या वस्त्यांत परतत नाही.

१९३२ मध्ये खुर्चीवाल्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं. ज्यावरून तबकड्या छापायच्या ते धातूचे साचे भंगारात घातले. कामावरून काढलेल्या कामगारांनी चिडून रेकॉर्डी नदीत भिरकावल्या अशी एक दंतकथा आहे. पाणबुडे उतरवून बघितलं, काही सापडलं नाही. कारखाना बंद पडताना मालक काय काय भंगारात घालतो ते आमच्या बापांनी बघितलंय, त्यामुळं दंतकथेपेक्षा भंगारवालं मला जास्त खरं वाटतं.

मार्च १९३० मध्ये गीशी वायली नावाची एक बाई एल्व्ही थॉमस या जोडीदारणीबरोबर ग्राफ्टनला आली. 'लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज' हे तिचं गाणं. जर्मन लढाईवर निघालेल्या माणसाचे शेवटचे शब्द त्यात आहेत. मूळ तबकड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. खरखर एवढी की पहिल्यांदा मला वाटलं इअरफोनच बिघडला. मग तिचा आवाज लागला. साथी, रविवारी पाळी नाही. खोलीवर ये. इअरफोनचं एक टोक तू घे.