संभाजीनगरची दोन दिवसांची सहल आणि काकूंचा प्रश्न



यंदा आमच्या तेलगावच्या महिला मंडळाच्या सहलीची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. "तू तिथे शिकलीस, तुला सगळं माहीत," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर. माझ्या बी.कॉम.च्या पदवीवर मात्र औरंगाबाद छापलेलं आहे. विद्यापीठाचं नावही त्यावर जुनंच आहे, कारण १९९४च्या नामविस्ताराच्या आधीच मी पदवी घेऊन, लग्न होऊन तेलगावला आले होते.

मी यादी वाचून दाखवली. कचनेर, वेरूळ, भडकल दरवाजा, पाणचक्की, बीबी का मकबरा. शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "कचनेर अन् वेरूळ ठीक आहे. पण कबरी अन् दर्ग्यात आपलं काय काम गं?" काकू पंचाहत्तरीच्या, मंडळात सगळ्यांत मोठ्या. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मला लगेच उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर तीन वर्षं त्या शहरात राहून मीही अभ्यास, खोली आणि मंदिर याच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. भडकल दरवाजाखालून रोज जायचे, पण तो कोणी बांधला हे विचारावंसं कधी वाटलं नाही. मी एवढंच म्हणाले, "काकू, चला तर खरं. नाही पटलं तर गाडीत बसा."

आम्ही नऊ जणी पहाटे क्रूझरने निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि गाळलेल्या पाण्याचे दोन कॅन बरोबर होते. गेवराई सोडून शहागडला गोदावरी ओलांडली आणि सकाळीच कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांचं दर्शन घेतलं. खंडित झालेली मूर्ती पुन्हा सांधली गेल्याची तिथली कथा आपल्या घराघरांत माहीत आहे, ती पुन्हा सांगत नाही. तिथून शहर ओलांडून, वाटेत देवगिरीचा किल्ला गाडीतूनच पाहून, आम्ही वेरूळला पोहोचलो.

वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि तीस ते चौतीस जैन. बहुतेक लोक सोळा नंबरचं कैलास बघून परततात. आपली लेणी उत्तरेच्या टोकाला, थोडी लांब आहेत, म्हणून ती राहून जातात. मी मंडळाला उलटं नेलं, आधी बत्तीस नंबर. हिचं नाव इंद्रसभा, पण ते लोकांच्या समजुतीतून पडलेलं आहे. हत्तीवर बसलेल्या ज्या मूर्तीला इंद्र म्हणतात तो यक्ष आहे. समोरची 'इंद्राणी' पाहताच काकू म्हणाल्या, "ही तर अंबिका!" डोक्यावर आंब्याचं झाड, खाली सिंह, मांडीवर मूल. चुकणार कसं? पुस्तक न वाचता काकूंनी ओळखलं, कारण आयुष्यभर तिची आरती केलेली.

आत एका बाजूला उपसर्ग सहन करणारे पार्श्वनाथ, डोक्यावर नागफणा. दुसऱ्या बाजूला बाहुबली, अंगावर वेली चढलेल्या. ही लेणी साधारण नवव्या-दहाव्या शतकातली, राष्ट्रकूटांच्या काळातली. श्रवणबेळगोळची मूर्ती इ.स. ९८१ची. म्हणजे आपण एवढ्या लांब कर्नाटकात जातो, आणि त्याच्याही आधीचे बाहुबली आपल्या मराठवाड्यात उभे आहेत. वरच्या डोंगरावर पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे. तिच्या लेखात शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५ असं साल आहे आणि ती करवणाऱ्या चक्रेश्वर नावाच्या श्रावकाचा उल्लेख आहे. माझ्या गुडघ्यांनी साथ दिली नाही. चौघी वर जाऊन आल्या, मी खालूनच हात जोडले.

पायथ्याचं वेरूळ गाव भोसल्यांचं. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथले. घृष्णेश्वराच्या मंदिराचा त्यांनी जीर्णोद्धार केला, पुढे अहिल्याबाई होळकरांनीही केला. काकूंनी तिथेही बाहेरून नमस्कार केला. मी मनात म्हटलं, इथे त्यांना अडचण वाटली नाही. मुक्कामाला शहरातल्या धर्मशाळेत आलो आणि सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भडकल दरवाजा. या वेळी मी खाली उभी राहून वर पाहिलं. हे शहर वसवलं मलिक अंबरने, १६१० साली. तेव्हा नाव होतं खडकी. मलिक अंबर हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. भडकल दरवाजा त्याने १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीला त्याच्याच बाजूने लढले. १६२६ला अंबर गेला आणि त्याच्या मुलाच्या नावावरून खडकीचं फतेहनगर झालं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला, मग औरंगाबाद. आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावं इतकी बदलली, पण अंबरने केलेली एक गोष्ट कुणाला बदलता आली नाही. ती म्हणजे नहर.

खडकीला पाण्याची ददात होती. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. उतार राखत, मातीच्या नळांतून, मध्ये मध्ये हवा आणि दाब सांभाळायला विटांचे उंच मनोरे बांधून. पंप नाही, वीज नाही. पुढे इतरांनीही अशाच नहरी काढल्या आणि शतकानुशतकं शहर त्यांवर जगलं. आज जायकवाडीसारखं मोठं धरण जवळ असून तिथल्या बायकांना कित्येक दिवसांआड पाणी भरावं लागतं. बीडच्या लेकी-सुनांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीतलीच, तिचं पाणीही असंच जमिनीखालून वाहतं.

पाणचक्कीला हीच करामत डोळ्यांनी दिसते. अठराव्या शतकातली ही जागा, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात. डोंगरातून नळाने आलेलं पाणी उंचावरून हौदात पडतं आणि त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. फकीर, प्रवासी, विद्यार्थी यांच्यासाठी पीठ दळलं जायचं. हौदाच्या तळाखाली एक दालन आहे. डोक्यावर पाणी आणि खाली गारवा.

काकू गाडीत बसल्या नव्हत्या, आमच्याबरोबरच होत्या. हौदाच्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "पाणी इतक्या दुरून आणायचं अन् थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. याने पाण्याची कदर केली." आपल्याकडे पाणी गाळलं की गाळण्यावरचे जीव पुन्हा विहिरीत सोडतात. काकूंची ती जिवाणी सत्तर वर्षांत चुकलेली नाही. ही शाबासकी तेवढ्या अधिकाराने दिलेली होती.

शेवटी बीबी का मकबरा. मी वाणिज्य शाखेची, म्हणून आधी हिशेब सांगते. औरंगजेबाने बांधकामाला सात लाख रुपये दिले आणि खर्च झाला सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे, अशी जुनी नोंद आहे. म्हणजे एकतीस हजार सातशे शहाण्णव रुपये नऊ आणे शिल्लक! सात आण्यांपर्यंत हिशेब ठेवणारा तो कारकून मला फार आवडला. ताजमहालाला तीन कोटींच्या वर लागले असं सांगतात. म्हणून इथे संगमरवर फक्त खालच्या भागाला आणि घुमटाला, बाकी दगडावर गिलावा. लोक याला गरिबांचा ताज म्हणून हसतात. मला तर मिळालेल्या पैशांत घर भागवणारी बाई आठवली. दारावर स्थपती अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं आहेत, साल १६६१. मुलगा आझमशहाने आईसाठी हे बांधलं असं म्हणतात, पण तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा. म्हणजे खर्च मंजूर करणारा बापच.

ही आई म्हणजे दिलरसबानू. १६५७च्या सप्टेंबरमध्ये तिला पाचवं मूल झालं आणि महिनाही पुरता झाला नाही तोच ती गेली. मी हे सांगत होते तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावरून जाळीतून खालच्या कबरीकडे पाहत होतो. काकूंनी एकदम विचारलं, "अन् ते पोर? जगलं का?"

मंडळातल्या जुन्या बायकांना ठाऊक आहे, काकूंची आई काकूंच्याच बाळंतपणात गेली. "आईला गिळून जन्मली" हे त्यांनी लहानपणी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. त्यांनीच परवानगी दिली म्हणून इथे लिहिते.

मी म्हटलं, जगलं. त्याचं नाव अकबर. हा मुलगा पुढे १६८१ मध्ये बापाविरुद्ध उठला आणि आश्रय मागायला दक्षिणेत आला, तो संभाजी महाराजांकडे. मोठी बहीण झेबुन्निसा त्याच्याशी पत्रव्यवहार ठेवत होती म्हणून बापाने तिला कैदेत टाकलं. महाराजांनी त्याला अनेक वर्षं सांभाळलं. १६८७ मध्ये तो इराणला गेला आणि पुन्हा परतला नाही.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जिचं हे थडगं, तिच्या पोराला ज्याने जवळ केलं, त्याचंच नाव आता या गावाला."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. साल, आणे, लेख सगळं मी पाठ केलं होतं, पण जोडलं काकूंनी. लोक जाळीतून नाणी टाकत होते. काकूंनी नाणं टाकलं नाही. बाजूच्या ओट्यावर बसून त्यांनी जपाची माळ काढली आणि आम्ही घाई केली नाही.

परतताना गाडीत कुणी तो प्रश्न पुन्हा काढला नाही. आपण अनेकांतवादाच्या गोष्टी प्रवचनात ऐकतो. एका वस्तूला अनेक बाजू असतात, आपल्याला दिसते तेवढीच खरी नसते. हबशी गुलामाने आणलेलं पाणी, राष्ट्रकूटांच्या काळातले बाहुबली, भोसल्यांचं वेरूळ आणि एका बाळंतिणीची कबर ही एकाच शहराची बाजू-बाजू आहे. एक झाकली की दुसरी कळत नाही.

जाणार असाल तर लक्षात ठेवा. वेरूळ मंगळवारी बंद असतं. जैन लेणी आधी बघा, मग कैलास. पाणी घरचं न्या. आणि मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला गाडीत बसू देऊ नका.

जय जिनेंद्र.